सायकल धरायची कुठे? ट्रायथलॉन सायकलसाठी घरचा रिपेअर स्टँड निवडताना



आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटतो, हे आम्हाला माहीत आहे. स्टँड म्हणजे काय, तर सायकल अडकवायची एक तिवई. त्यावर तासभर बोलण्यासारखं काय आहे? पण ज्यांच्याकडे ट्रायथलॉनची सायकल आहे, त्यांनी ती एकदा तरी साध्या स्टँडवर चढवायचा प्रयत्न केला असेल. जबडा उघडायचा, सायकल उचलायची, आणि मग लक्षात येतं की हिला धरायला जागाच नाही. एकही नळी गोल नाही. सीटच्या मागे बाटल्या, पुढे एरोबार, दांडीवर खाऊचा डबा. हातात नऊ-दहा किलो वजन घेऊन आपण विचार करत उभे.

म्हणून आजचं सगळं बोलणं एका प्रश्नाभोवती आहे. दुकानात गेल्यावर आपण विचारतो, 'कुठला स्टँड चांगला?' त्याआधीचा प्रश्न असा, की 'माझी सायकल कुठे धरलेली चालते?' याचं उत्तर मिळालं की निम्मे स्टँड आपोआप गळून पडतात आणि उरलेल्यांतून निवडणं सोपं होतं.

स्टँड लागतोच कशाला?

आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींना मागे डबल स्टँड असायचा, आठवतो ना? पायाने दाबून सायकल मागे ओढली की मागचं चाक अधांतरी. लहानपणी त्यावर बसून आपण गावभर फिरून यायचो, जागच्या जागी! तो डबल स्टँड म्हणजे सायकलबरोबरच मिळणारा रिपेअर स्टँड होता. चेनला तेल द्या, पायडल फिरवा, ब्रेक लागतो का बघा, सगळं त्यावर व्हायचं. आणि मोठं काम असलं, म्हणजे दुकानात ज्याला 'ओव्हरऑइलिंग' म्हणायचे ते, तर कारागीर सायकल उलटी करून हँडल आणि सीटवर उभी करायचा.

ट्रायथलॉनच्या सायकलला डबल स्टँड नसतो, आणि ती उलटी करणं महागात पडतं. उलटी केली की भार येतो एरोबारच्या टोकांवर. गिअरची बटणं किंवा लिव्हर तिथेच असतात, संगणकाचा माउंटही तिथेच. शिवाय ब्रेक हायड्रॉलिक असतील तर लिव्हरजवळच्या टाकीतली हवा ब्रेकच्या नळीत शिरू शकते. सायकल सरळ केल्यावर लिव्हर स्पंजासारखा दबायला लागतो.

आता घरी काम करायचंच कशाला, दुकानात द्यावी, असं कोणी म्हणेल. मोठी कामं जरूर दुकानात द्या. पण या सायकलीची काही दुखणी अशी आहेत, की ती वारंवार बघावी लागतात. पहिलं दुखणं घामाचं. एरो पोझिशनमध्ये आपलं डोकं बरोबर स्टेमच्या वर येतं. चेहऱ्यावरून ओघळणारा खारट घाम थेट हेडसेटच्या बेअरिंगवर आणि एरोबारच्या बोल्टांवर टपकतो. घरात ट्रेनरवर सराव करणाऱ्यांचं तर विचारूच नका, कारण तिथे वारा नसतो. वरून सगळं चकचकीत दिसतं आणि आत बोल्ट गंजून बसलेला असतो.

दुसरं दुखणं प्रवासाचं. गोव्यात २०१९ मध्ये पहिल्यांदा हाफ आयर्नमन झाली. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं. तेव्हापासून पुण्या-मुंबईचे, कोल्हापूरचे कितीतरी लोक सायकल गाडीवर लादून किंवा खोक्यात भरून गोव्याला जातात. खोक्यात भरायची तर एरोबार काढा, सीटपोस्ट काढा, पायडलं काढा, आणि पोचल्यावर पुन्हा लावा. हे काम आयुष्यात पहिल्यांदा स्पर्धेच्या आदल्या दिवशी हॉटेलच्या फरशीवर बसून करायचं नसतं. ते घरी दोन-तीनदा हातून गेलेलं असावं लागतं.

आणि यात पणाला काय लागलंय तेही सांगतो. या सायकलीवर आपण कोपर टेकून, हात पुढे लांब करून बसतो. ब्रेकचे लिव्हर बाजूच्या बेसबारवर असतात, म्हणजे त्या क्षणी ब्रेक हातात नसतो. उतारावर ताशी चाळीसचा वेग सहज असतो. अशा वेळी एरोबारचा एक बोल्ट सैल निघाला, किंवा स्टँडच्या जबड्यात दबलेली कार्बनची नळी खड्ड्यात दगा देऊन गेली, तर सावरायला वेळ मिळत नाही. सायकल नीट तपासता यावी म्हणून स्टँड आणायचा, आणि त्या स्टँडनेच सायकलला इजा करायची, हे व्हायला नको.

ही सायकल अशी का झाली?

थोडा इतिहास बघू, म्हणजे अडचण कुठून आली ते कळेल. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी साडेचोवीस किलोमीटरची टाइम ट्रायल होती. ग्रेग लेमाँड पन्नास सेकंदांनी मागे होता. त्याने एरोबार लावले होते, जे तोपर्यंत ट्रायथलॉनवाल्यांचं खूळ समजलं जायचं. लोराँ फिन्योंने ते लावले नव्हते. लेमाँडने ती संपूर्ण स्पर्धा आठ सेकंदांनी जिंकली. तीन आठवडे, तीन हजारांवर किलोमीटर, आणि फरक आठ सेकंदांचा. त्यानंतर हवेचा अडथळा कमी करणं हे सगळ्यांच्याच डोक्यात बसलं.

पुढे सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००० सालापासून नियम कडक केले. शर्यतीच्या सायकलची चौकट नेहमीच्या त्रिकोणी घडणीचीच हवी, असं ठरलं. पण ज्या ट्रायथलॉनमध्ये दुसऱ्याच्या मागे लपून चालवायला बंदी असते, तिथे हा नियम लागू नाही. त्यामुळे बनवणाऱ्यांना मोकळं रान मिळालं. सर्व्हेलोच्या पी-फाइव्ह-एक्सला सीटखालची नळीच नाही. व्हेंटमच्या एका सायकलला तिरकी नळी नाही. बाकीच्यांच्या नळ्या पंख्याच्या पात्यासारख्या, म्हणजे पुढून निमुळत्या आणि बाजूने रुंद.

रिपेअर स्टँड मात्र गोल नळीसाठी जन्माला आला. जबड्यात गोल पाइप धरा आणि आवळा. आपली सगळी अडचण या दोन आकारांच्या भांडणातून आलेली आहे.

कार्बन कुठे मजबूत, कुठे नाजूक

कार्बनच्या चौकटीत धागे असतात आणि ते राळेत बसवलेले असतात. धाग्याच्या दिशेने ओढलं तर ते प्रचंड ताण सोसतात. चौकट बनवताना ज्या दिशांनी भार येणार, त्या दिशांनी धागे घातलेले असतात. बसणाऱ्याचं वजन, पायडलचा जोर, रस्त्याचे धक्के, या सगळ्याचा हिशोब त्यात असतो. नळी बाजूने चिमटीत धरून आवळण्याचा हिशोब त्यात नसतो. काही ठिकाणी भिंत जेमतेम मिलिमीटरभर जाडीची असते. रुंद, चपट्या बाजूवर जबडा आवळला तर ती आत दबते. उलट दाब पुढच्या-मागच्या निमुळत्या कडेवर आला, तर तो एका रेषेत एकवटतो.

यातली वाईट गोष्ट अशी, की ॲल्युमिनियमला पोचा पडला तर दिसतो. कार्बनमध्ये आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि वरचा रंग जसाच्या तसा राहू शकतो. नुकसान झालंय हे महिनोन्महिने कळत नाही.

म्हणून पहिला नियम, आणि घरी जाताना एवढा एक नेलात तरी चालेल: चौकटीची कुठलीही नळी जबड्यात धरायची नाही. दांडी नाही, तिरकी नळी नाही, सीटखालची नळी नाही. मग राहिलं काय? सीटपोस्ट, चाकांच्या आसाच्या जागा, आणि बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलांचा आडवा आस ज्या पेटीतून जातो ती. यातलं काय चालेल, ते आपल्या सायकलच्या माहितीपुस्तकात बघायचं.

स्टँडचे प्रकार

पहिला प्रकार: जबड्याचा स्टँड. खांब, खाली दोन किंवा तीन पाय, वर फिरणारा जबडा. आपल्याकडे सीटपोस्ट धरूनच तो वापरायचा. याचे फायदे खरे आहेत. दोन्ही चाकं जागेवर राहतात. चेन फिरवता येते. सायकल वर-खाली, तिरकी, जशी हवी तशी करता येते. हायड्रॉलिक ब्रेकमधली हवा काढायची असेल तर हे तिरकं करणं फार कामाचं, कारण बुडबुडे वर चढतात आणि ज्या तोंडातून ते बाहेर काढायचे, ते तोंड सगळ्यात वर यावं लागतं.

अडचण सीटपोस्टच्या आकाराची. ट्रायथलॉन सायकलचा सीटपोस्ट बहुधा चपटा असतो आणि त्याच मॉडेलचा असतो. गोल सीटपोस्टच्या सायकलवाले एक युक्ती करतात. जुना ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट घालतात आणि तो जबड्यात धरतात. आपल्याला ती करता येत नाही. मग चपट्या सीटपोस्टसाठी वेगळे साचे मिळतात, मऊ रबराचे, ते जबड्यात बसवायचे. साचा आपल्या सीटपोस्टच्या आकाराशी जुळला तर दाब पसरून येतो आणि थोड्या आवळण्यात सायकल धरली जाते. जुळला नाही, तर हा स्टँड आपल्यासाठी नाही.

दुसरी गोष्ट, सायकलचं वजन. सीटपोस्ट धरला की सायकलचा गुरुत्वमध्य त्याच्या पुढे राहतो. समजा सायकल नऊ किलोची आणि गुरुत्वमध्य जबड्यापासून वीस सेंटिमीटर पुढे. म्हणजे जवळपास अठरा न्यूटन-मीटरचा पीळ त्या जबड्यावर आणि सीटपोस्टवर सतत आहे. स्टेमचे बोल्ट आपण साधारण पाच न्यूटन-मीटरने आवळतो, त्यावरून अंदाज घ्या. म्हणूनच स्वस्त स्टँडवर सायकलचं नाक हळूहळू खाली येतं. नाक खाली येतंय म्हणून आपण जबडा आणखी आवळतो, आणि तिथेच घात होतो.

दुसरा प्रकार: आसाचा स्टँड. शर्यतींमध्ये संघांचे कारागीर जो वापरतात तो. खाली तिवई, वर एक आडवा दांडा. पुढचं चाक काढायचं, फोर्क दांड्याच्या टोकाला बसवायचा, आणि बॉटम ब्रॅकेट मधल्या गादीवर टेकवायचा. नळी कुठेच दाबली जात नाही. फोर्कच्या टोकाला आस आवळायची सवय असतेच, ते त्याचं रोजचं काम. दांडा गोल फिरतो, त्यामुळे आपण एका जागी उभं राहून सायकल दोन्ही बाजूंनी बघू शकतो. ट्रायथलॉन सायकलसाठी बहुतेकांना आम्ही हाच प्रकार आधी बघायला सांगतो.

पण डोळे झाकून घेऊ नका. तीन गोष्टी तपासा.

एक, आस. डिस्क ब्रेकच्या सायकलींना आरपार आस असतो. पुढे बहुधा बारा मिलिमीटर जाड आणि शंभर मिलिमीटर रुंद, मागे बारा आणि एकशे बेचाळीस. जुन्या रिम ब्रेकच्या सायकलींना क्विक रिलीज असतो. स्टँडबरोबर आपल्या मापाचे जोड मिळतात का, की वेगळे घ्यावे लागतात, ते विचारा.

दोन, बॉटम ब्रॅकेटचा तळ. सायकल उचलून खाली वाकून बघा. काही सायकलींमध्ये गिअरच्या तारा या पेटीच्या खालून जातात. काही ट्रायथलॉन सायकलींमध्ये तर मागचा रिम ब्रेकच तिथे लपवलेला असतो, हवा लागू नये म्हणून. अशा सायकलीचा सगळा भार तारांवर किंवा ब्रेकवर टेकवून चालणार नाही. गादीची जागा बदलता येते का, भार टाळता येतो का, हे प्रत्यक्ष ठेवून बघावं लागतं.

तीन, मागचा जोड. हा मुद्दा आपल्यासाठी महत्त्वाचा. आपलं बरंचसं काम पुढच्या भागात असतं: एरोबार, हेडसेट, कोपराच्या गाद्या. फोर्क दांड्याला जखडला की हँडल वळत नाही, पुढचं चाक नसतं. म्हणून असा स्टँड घ्या, ज्यावर सायकल उलट दिशेनेही बसते, म्हणजे मागचं चाक काढून मागचा आस जखडता येतो आणि पुढचा भाग मोकळा राहतो. त्या वेळी चेन लोंबकळू नये म्हणून मागच्या खाचेत बसवायचा एक छोटा खोटा हब मिळतो, तोही घेऊन ठेवा.

आणि डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्या काढल्या ब्रेक पॅडच्या मध्ये प्लास्टिकची चकती घालायची सवय लावा. चाक नसताना चुकून लिव्हर दाबला गेला, तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग चाक परत बसत नाही.

तिसरा प्रकार: मागच्या आसाला धरणारा छोटा स्टँड. दुकानात सायकली मांडून ठेवतात तसला. मागचं चाक थोडं वर उचललं जातं. चेन पुसणं, तेल देणं, गिअर बघणं एवढ्यापुरता छान. पण त्यातले काही स्टँड क्विक रिलीजच्या टोकांना धरतात आणि आरपार आसाला बाहेर टोकंच नसतात. काही चेनच्या बाजूच्या नळ्यांना टेकतात, तिथे पुन्हा कार्बनचा प्रश्न. शिवाय आपल्याला वाकून किंवा मांडी घालून काम करावं लागतं.

चौथा प्रकार: दोर. छताच्या हुकाला दोर आणि सीटच्या नाकाला फास. हसू नका, गावोगावच्या दुकानांत वर्षानुवर्षं यावर कामं झालेली आहेत. सीटला धरतो, त्यामुळे नळी दबत नाही. सायकल झुलते, एवढाच त्रास. फक्त पुढचा फास एरोबारच्या लांब नळ्यांना घालू नका. त्या छोट्या बोल्टांवर धरलेल्या असतात, टांगून घेण्यासाठी नसतात. पुढचं चाक जमिनीवर टेकू द्या.

आणि एक पाचवा प्रकार बऱ्याच जणांच्या घरात आधीच आहे: डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर. मागचं चाक काढून सायकल त्यावर पक्की बसते. एरोबारची उंची बदलणं, गाद्या सरकवणं, बोल्ट तपासणं ही कामं त्यावर उत्तम होतात. फक्त त्यावर गिअर लावत बसू नका. ट्रेनरचा कॅसेट वेगळा, चाकावरचा वेगळा. इथे जुळवलेले गिअर रस्त्यावर कुरकुरणार.

निवडायचं कसं?

आता क्रमाने जाऊ. वहीत चार ओळी लिहा.

पहिली ओळ, कुठे धरायचं. टेप घ्या आणि मोजा. सीटपोस्ट किती बाहेर आहे, किती रुंद, किती खोल? बरेच जबडे साधारण सत्तर मिलिमीटरपर्यंत उघडतात, पण साच्यासकट किती उघडतो ते महत्त्वाचं. सीटच्या मागच्या बाटल्या काढल्यावर जबड्याला जागा उरते का? गिअर इलेक्ट्रॉनिक असतील तर बॅटरी सीटपोस्टच्या आत आहे का? आसाची मापं लिहा. बॉटम ब्रॅकेटच्या तळाचा फोनवर फोटो काढा. दुकानात जाताना हे सगळं बरोबर न्या, किंवा सरळ सायकलच न्या.

दुसरी ओळ, काम कुठलं. धुणं, चेन, गिअर, एरोबार, खोक्यात भरणं, एवढंच करणार असाल तर आसाचा स्टँड पुरे. ब्रेकमधली हवा स्वतः काढणार असाल तर तिरकं करता येणारा जबडा हवा आणि तुमच्या सीटपोस्टला बसणारा साचा हवा. साचा मिळत नसेल तर वर्षातून एकदा ते काम दुकानाला द्या. त्या एका कामासाठी रोजच्या वापराला गैरसोयीचा स्टँड घेऊ नका.

तिसरी ओळ, जागा. तिवईचे पाय पसरले की साधारण मीटरभराचं वर्तुळ अडतं, आणि त्यावर सायकलची लांबी. फ्लॅटमध्ये हे बहुधा बाल्कनीत होणार. बाल्कनीच्या ओल्या फरशीवर पाय घसरतात का ते बघा. पावसाळ्यात वाऱ्याचा विचार करा. डिस्क व्हील लावलेली सायकल स्टँडवर ठेवून आत चहा प्यायला गेलात, तर ते चाक शिडासारखं काम करतं. काम थांबवलं की सायकल खाली उतरवायची.

चौथी ओळ, तुमची पाठ. स्टँड असा हवा की चेन तुमच्या पोटाच्या उंचीला येईल. उंची वाढवून बघा आणि त्या उंचीवर खांब हलवून बघा. बऱ्याच स्टँडचा डळमळीतपणा पूर्ण उंचीवरच कळतो. घडी करून गाडीत बसतो का, हेही बघा. स्पर्धेला नेता आला तर त्याचा उपयोग दुप्पट होतो.

पैशांचं म्हणाल, तर काही हजारांपासून पुढे कितीही. आमचं म्हणणं एवढंच, की सायकलला लाखभर किंवा त्याहून जास्त घालून तिला धरणारी वस्तू सगळ्यात स्वस्त बघून घेऊ नये.

स्टँडवर काय करू नये

पायडलं काढण्या-लावण्याचं काम स्टँडवर करू नका. ती साधारण पस्तीस ते चाळीस न्यूटन-मीटरने आवळलेली असतात, आणि जुनी झाली की सुटायला त्याहून जास्त जोर लागतो. तो सगळा जोर सीटपोस्टवर किंवा फोर्कच्या टोकांवर जातो. सायकल दोन्ही चाकांवर जमिनीवर उभी करा, मगच पाना लावा. आणि डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे विसरू नका.

हेडसेटचा खेळही जमिनीवरच तपासा. पुढचा ब्रेक दाबा, सायकल पुढे-मागे हलवा, दुसरा हात हेडसेटवर ठेवा. टकटक जाणवली तर खेळ आहे. फोर्क स्टँडला जखडलेला असताना हे कळत नाही.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: जबड्यात जाड टॉवेल गुंडाळून दांडी धरली तर चालेल का?*

टॉवेलने ओरखडा वाचतो, दाब वाचत नाही. उलट टॉवेल सरकतो म्हणून आपण जास्त आवळतो. तेव्हा नाही. हाच टॉवेल सीटपोस्टवर साच्याच्या आत मात्र जरूर ठेवा, पण आधी सीटपोस्ट पुसून घ्या. मध्ये वाळूचा कण राहिला तरी तो रंग खरवडतो.

*प्रश्न: माझी ॲल्युमिनियमची रोड सायकल आहे, फक्त एरोबार लावलेत. मलाही हे सगळं लागू आहे का?*

तुमचं काम सोपं आहे. सीटपोस्ट गोल असेल तर जबड्याचा साधा, पण भक्कम स्टँड घ्या आणि सीटपोस्टच धरा. ॲल्युमिनियमच्या नळ्याही मधोमध पातळ केलेल्या असतात, तेव्हा चौकट तुम्हीही जबड्यात धरू नका. उद्या कार्बनची सायकल घ्यायचा विचार असेल, तर आजच आसाचा स्टँड घेतलेला बरा.

*प्रश्न: आसाचा स्टँड घेतला, पण सीटपोस्ट आणि सीटचं काम असेल तर?*

तिथेच तर तो जबड्यापेक्षा सरस आहे. सीटपोस्ट मोकळाच राहतो. बाहेर काढा, पुसा, कार्बनची पेस्ट लावा, खुणेवर परत बसवा. काढण्याआधी उंचीला टेपची पट्टी चिकटवून खूण मात्र करा.

*प्रश्न: घरी आणल्यावर पहिल्यांदा काय करायचं?*

पहिल्या दिवशी कुठलंच काम काढू नका. सायकल चढवा, उतरवा, पुन्हा चढवा. कोणाला तरी शेजारी उभं करा. पायडल उलट फिरवून क्रँक कुठे घासतो का ते बघा. बॉटम ब्रॅकेटच्या गादीखाली तार दबत नाही ना, ते बघा. दहा मिनिटं तशीच ठेवा आणि सायकल जागची सरकली का ते तपासा. हे जमलं की टॉर्क रेंच घ्या आणि समोरून मागे एकेक बोल्ट तपासत जा. सुरुवात एरोबारपासून करा, कारण तुमचे कोपर त्यावर असतात. कुठला बोल्ट किती आवळायचा ते बहुधा बोल्टशेजारीच लिहिलेलं असतं, नसेल तर माहितीपुस्तकात मिळेल.

वेळ झाली आहे, तेव्हा इथे थांबतो. घरी गेल्यावर स्टँड शोधण्याआधी सायकलखाली वाकून एकदा नीट बघा, आणि त्या चार ओळी लिहा.